काठावरचा खेळाडू : हॉकीत टिकेल की नाही, ओळखायचं कसं?

वाचकांचे प्रश्न | या अंकाचा विषय : व्यावसायिक हॉकी

संघात आहे पण खेळत नाही, शिबिरात बोलावलं पण यादीत नाव नाही, लिलावात नाव आहे पण बोली नाही. अशा मुलामुलींबद्दल आलेल्या पत्रांतली निवडक पत्रं इथे घेतली आहेत. नावं गाळली आहेत.

मुलगा १९ वर्षांचा, फॉरवर्ड. ज्युनियर नॅशनलमध्ये ९ गोल केले. हॉकी इंडिया लीगच्या लिलावात नाव होतं, पण कुणी बोली लावली नाही. कोच म्हणतात, 'पुढच्या वर्षी नक्की.' त्यावर विसंबून राहायचं का?
— पालक, फलटण तालुका

आधी ९ गोलांची फोड करा. कुणाविरुद्ध झाले? १२-० अशा सामन्यात ५ आणि दुसऱ्या तसल्याच सामन्यात २ झाले असतील, तर हिशेबाला उरले दोनच. २०२५ पासून राष्ट्रीय स्पर्धा अ, ब, क अशा विभागांत खेळवतात ते याचसाठी. पंजाब, हरयाणा, मध्य प्रदेश, ओडिशा, झारखंड, उत्तर प्रदेश यांच्या बचावफळीसमोर काय केलं, तेवढंच निवड समितीच्या वहीत राहतं.

पण गोल हे मुळात अपुरं माप आहे. का, ते एका साध्या गणितातून बघा. सामना १५-१५ मिनिटांच्या चार सत्रांचा, म्हणजे ६० मिनिटांचा. सामन्यासाठी १८ खेळाडू. त्यातले दोन गोलकीपर सोडले तर मैदानावरच्या १० जागांसाठी १६ जण उरतात. एकूण ६०० मिनिटं १६ जणांत वाटली की सरासरी साडेसदतीस येते. मात्र वाटणी सारखी होत नाही. बचावाचे खांब ५०-५५ मिनिटं आत असतात, आणि पंधराव्या-सोळाव्या नंबरच्या पोराच्या वाट्याला १२ ते १८ मिनिटं येतात. तीही सलग नाहीत, चार-चार मिनिटांच्या तुकड्यांत. तेव्हा काठावरच्या खेळाडूची परीक्षा ६० मिनिटांची नसतेच. बाकावर सात मिनिटं बसून, अंग गार झालेलं असताना आत जायचं आणि पहिल्या चार मिनिटांत काही बिघडवायचं नाही, ही त्याची परीक्षा. तुमचा मुलगा जिल्ह्याच्या संघात तासभर खेळतो. त्याला लय सापडायला पंधरा मिनिटं लागत असतील तर ते तिथे खपून जातं, वर गेल्यावर खपत नाही.

आता घरच्या घरी करता येण्यासारखं काम. चांगल्या संघांविरुद्धचे चार सामने पूर्ण चित्रित करा. मोबाइल स्टँडवर, मध्यरेषेजवळ, शक्यतो स्टँडच्या चौथ्या-पाचव्या पायरीवरून. झूम करू नका. चेंडू नसताना पोरगा काय करतो तेच बघायचं आहे, आणि झूम केला की नेमकं तेच फ्रेमबाहेर जातं. मग वही घ्या. त्याला चेंडू मिळाला त्या प्रत्येक वेळची एक ओळ आणि चार रकाने :

पहिला, चेंडू येण्याआधी मान वळवून मागे पाहिलं का. दुसरा, पहिला टच कुठे गेला : पुढच्या मोकळ्या जागेत, जागेवरच, की स्टिकला लागून दोन हात लांब. तिसरा, पुढचा पास आपल्याकडे राहिला का. चौथा, चेंडू गेला तर त्यानंतरची पहिली पाच पावलं कशी पडली : लगेच मागे वळून दाब टाकला, की हात वर करून अंपायरकडे पाहिलं.

आमचा ठोकताळा असा : अंगावर बचावपटू असताना मिळालेल्या १० चेंडूंपैकी ७-८ वेळा पहिला टच ताब्यात आणि उपयोगाच्या दिशेला असेल, तर पोरगा वरच्या पातळीवर उभा राहू शकतो. ५ असेल तर अजून वर्षभर काम आहे. ते करता येतं, कारण पहिला टच शिकवून सुधारतो. चौथा रकाना सुधारायला जास्त वेळ लागतो. ज्याची पाच पावलं एकोणिसाव्या वर्षीही पडत नाहीत, त्याची पुढे पडतीलच असं धरून चालू नका. मोठ्या संघातला कोच अशा पोराला चार मिनिटंही देत नाही. तेवढ्यात एक प्रतिहल्ला होतो आणि मधल्या फळीत त्याच्या जागी भोक पडलेलं असतं.

अजून एक गोष्ट वयाची. पंधराव्या वर्षी अंगानं भरलेली मुलं धावून आणि धक्क्यानं गोल करतात. अठरा-एकोणीसपर्यंत बाकीचे त्यांना गाठतात, आणि मग हातात कसब नसलेला दांडगा पोरगा अचानक 'फॉर्म गेलाय' म्हणू लागतो. फॉर्म गेलेला नसतो, उंचीचा फायदा संपलेला असतो. मुलगा नववी-दहावीत वर्गात सर्वांत उंच होता का, हे आठवून बघा. उलट उशिरा वाढलेल्या, तोवर डोक्यानं खेळत आलेल्या पोराला एक-दोन वर्षं जास्त द्यावीत.

कोचना 'पुढच्या वर्षी नक्की का?' असं विचारू नका. 'याला कुठल्या जागेवर, कुणाच्या ऐवजी, कशासाठी घेतील?' असं विचारा. याचं एका वाक्यात उत्तर आलं तर कोचनं खरंच विचार केलाय असं समजा.

मला एका लीग संघानं ज्युनियर खेळाडू म्हणून २ लाखांत घेतलं. मोसमभर सराव केला, दोन सामन्यांत मिळून दहा-बारा मिनिटं खेळलो. पुढच्या डिसेंबरात २२ पूर्ण होतील. मी आत आहे की बाहेर?
— खेळाडू, नागपूर

सध्या तू उंबरठ्यावर आहेस. आणि तुला आत आणणारं दार तुझ्या पाठीमागे बंद होतंय.

२०२४-२५ला लीग पुन्हा सुरू झाली तेव्हा संघरचनेचा नियम असा होता : २४ जणांचा संघ, किमान १६ भारतीय, ८ परदेशी, आणि त्या १६ मध्ये ४ ज्युनियर सक्तीचे. लिलावातल्या पायाभूत किमती २, ५ आणि १० लाख. संघाकडे एकूण थैली ४ कोटींची, आणि एका संघाचे त्यातले ७८ लाख एकट्या हरमनप्रीत सिंगवर लागले. असा मोठा घास घेतल्यावर संघमालक बाकीच्या जागा स्वस्तात भरतो, आणि सक्तीच्या चार ज्युनियर जागा त्यासाठी सोयीच्या असतात. म्हणजे तुझी तुलना २४ जणांशी झालीच नव्हती, देशातल्या एकवीस वर्षांखालच्या पोरांशी झाली होती. वय उलटलं की तीच जागा मिळवायला तुला सत्तावीस वर्षांच्या, शंभर आंतरराष्ट्रीय सामने खेळलेल्या माणसाशी झुंजावं लागेल. ज्युनियर म्हणून आत आलेले कितीतरी खेळाडू इथेच गळतात. त्यांचा खेळ बिघडलेला नसतो, रांग बदललेली असते.

म्हणून पुढच्या दहा महिन्यांत ज्युनियर हा शिक्का पुसून त्या जागी एखादं काम लिहिलं गेलं पाहिजे. 'पेनल्टी कॉर्नर (डीतल्या, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळातल्या चुकीबद्दल मिळणारा फटका) अडवताना पहिला धावणारा', 'डावीकडून उजव्या टोकाला एरियल (उंच उडवलेला लांब चेंडू) टाकणारा', 'राइट हाफ आणि राइट मिड दोन्ही जागी चालणारा', असं काहीतरी. एकाच जागी बरा खेळणाऱ्यापेक्षा दोन जागी चालणारा कोचला परवडतो, कारण १८ च्या यादीत तो दीड माणसाचं काम करतो. ऑलिंपिकमध्ये तर यादी १६ चीच असते. तिथे असा एक खेळाडू असला की एक अख्खी जागा मोकळी होते.

पहिल्या धावणाऱ्याचं मोल किती, ते २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये दिसलं. उपांत्यपूर्व फेरीत ब्रिटनविरुद्ध आपला पहिला धावणारा अमित रोहिदास याला लाल कार्ड मिळालं. तो सामना भारतानं दहा जणांनिशी बरोबरीत ठेवून शूटआउटवर, म्हणजे गोलकीपरशी एकास-एक झुंजीत, काढला, पण निलंबनामुळे जर्मनीविरुद्धच्या उपांत्य सामन्यात रोहिदास नव्हता. आपण २-३ हरलो. तो असता तर जिंकलो असतो असं कुणी छातीठोक सांगू नये. पण कॉर्नर अडवण्याची बसलेली घडी त्या दिवशी विस्कटली, हे दिसत होतं.

लीगमधली दहा-बारा मिनिटं संघाच्या विश्लेषकाकडे तुकड्या-तुकड्यांत जपलेली असतात. ती मागून घे. गोलांची चित्रफीत बनवत बसू नकोस. तुझे आत जाण्यापासून बाहेर येण्यापर्यंतचे तुकडे जसेच्या तसे, चुकांसकट, पुढच्या संघाच्या कोचला पाठव. आठ मिनिटांची प्रामाणिक फीत बघायला त्यांना वेळ असतो.

आमच्या तालमीत एक पोरगा ड्रॅग-फ्लिक उत्तम मारतो. बाकी खेळ मध्यम. फक्त फ्लिकवर तो टिकेल का? रोज १०० फ्लिक मारून घेतो.
— प्रशिक्षक, कोल्हापूर

आधी ते १०० थांबवा.

फ्लिकमध्ये, म्हणजे चेंडू स्टिकनं ओढत नेऊन भिरकावताना, शेवटचं लांब पाऊल डाव्या पायावर पडतं, गुडघा खोल वाकतो, आणि कंबर पिळून उलगडते. हा सगळा पीळ कण्याच्या खालच्या मणक्यांवर येतो. वाढत्या वयात रोज शंभरदा हे केलं की आधी पाठ 'धरते', पोरगं आठवडाभर तेल चोळून घेतं, आणि मग एके दिवशी तपासणीत मणक्याच्या मागच्या भागात ताणाची चीर दिसते. म्हणजे तीन-चार महिने बाहेर. आठवड्यातून तीन दिवस, दिवसाला ३० ते ४० पूर्ण जोराचे फ्लिक पुरेत. उरलेल्या वेळात चेंडू न मारता नुसती पावलांची लय घोटा. मागे वाकताना कंबरेत एका बाजूला, बोट ठेवून दाखवता येईल अशा जागी दुखत असेल तर त्या दिवशी फ्लिक बंद आणि डॉक्टर.

आता टिकण्याबद्दल. सरावातला फ्लिक आणि सामन्यातला कॉर्नर या वेगळ्या गोष्टी आहेत. सरावात चेंडू जागेवर थांबलेला असतो. सामन्यात तो गोलखांबापासून किमान १० मीटर अंतरावरून, बॅकलाइनवरून ढकलला जातो, डीच्या बाहेर जावा लागतो, तिथे स्टॉपर थांबवतो आणि मग फ्लिक. पुशपासून गोलपर्यंत सगळा मिळून दीड-दोन सेकंदांचा खेळ. समोरून चार जण आणि गोलकीपर, त्यातला एक थेट अंगावर धावत येतो. डीची त्रिज्या १४.६३ मीटर. आपल्या फ्लिकरची परीक्षा घ्यायची तर अशी घ्या :

धावणारा ठेवा, पूर्ण संरक्षक साहित्य घालून. स्टॉपरला सांगा की पाचपैकी दोन वेळा चेंडू मुद्दाम वीतभर पुढे किंवा मागे थांबव. २० कॉर्नर घ्या. गोल मोजू नका, चेंडू गोलचौकटीत गेला का ते मोजा, आणि चेंडू जागा सोडून थांबला तेव्हा पोरानं काय केलं ते लिहा. चांगला फ्लिकर पाऊल आखडतं घेऊन जमवतो किंवा शेजारच्याला सरकवतो. कच्चा फ्लिकर ठरलेलीच पावलं टाकतो आणि चेंडू धावणाऱ्याच्या पायावर मारतो. तिथून उलटा प्रतिहल्ला. हिट मारायची झाली तर पहिला फटका गोलमधल्या खालच्या फळीच्या उंचीच्या, म्हणजे ४६० मिलिमीटरच्या आत गोलरेषा ओलांडायला हवा. फ्लिकला ती मर्यादा नाही. म्हणूनच उजवा वरचा आणि डावा वरचा दोन्ही कोपरे त्याला साधले पाहिजेत. एकच कोपरा असेल तर दुसऱ्या सामन्यापासून गोलकीपर तिथे आधीच उभा राहील.

आणि फक्त फ्लिकवर? वरच्या संघात फ्लिकर बहुधा बचावपटूच असतो. हरमनप्रीत पॅरिसमध्ये १० गोलांसह स्पर्धेत सर्वाधिक गोल करणारा ठरला, पण तो मुळात बचावफळीचा माणूस आहे, लांब एरियलनं हल्ला सुरू करणारा. जो फ्लिक सोडून बाकी वेळ लपवावा लागतो, त्याच्यावर १८ मधली जागा कुणी घालवत नाही. पोराला आजपासून फुलबॅकला खेळवा.

एक गोष्ट मात्र तुमच्या पत्रात नाही, ती आम्हाला सुचवायची आहे. पुशर आणि स्टॉपर या जागांसाठी मुलांची रांग नसते. काठावरच्या पोराला एवढ्या स्वस्तात दुसरी जागा मिळत नाही. पुश दोन शंकूंच्या मधून गेला पाहिजे. शंकूंमधलं अंतर हातभर, स्टॉपर उभा राहतो तिथे. १० पैकी ९ वेळा, आणि चेंडू उडता कामा नये. डावा पाय चेंडूच्या पुढे नीट टाकला नाही की चेंडू फिरतो आणि उशिरा पोचतो. अर्धा सेकंद उशीर म्हणजे पहिला धावणारा फ्लिकरच्या डोक्यावर. रोज २० मिनिटांचं काम, पाठीला धोका नाही, आणि सहा महिन्यांत संघात एक नेमकी जागा तयार होते. स्टिकचा वाक नियमानं २५ मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही, वजन ७३७ ग्रॅमपर्यंत. फ्लिकसाठी खाली वाक असलेली स्टिक घेतली असेल तर पोराला तीच स्टिक फटके मारताना चेंडू उडवते का, हेही बघून ठेवा.

मी गोलकीपर आहे, वय १७. दोन वर्षं राखीव म्हणूनच आहे. जागा बदलू का?
— खेळाडू, पुणे

नको बदलूस, एवढ्यात तर नकोच. गोलकीपरचं घड्याळ वेगळं चालतं. पी. आर. श्रीजेश २००६ मध्ये भारताकडून पहिला सामना खेळला. गोलपोस्ट त्याचा होईपर्यंत २०११ चा सुमार उजाडला, आणि तो थांबला थेट २०२४ला, दुसरं ऑलिंपिक कांस्य गळ्यात घालून. फॉरवर्ड पाच वर्षं राखीव राहिला तर त्याचं संपलं म्हणावं. गोलकीपरचं ते शिक्षण असतं.

तरी नुसतं थांबून चालणार नाही. स्वतःला तीन गोष्टींत तपास. पहिला वाचवलेला चेंडू कुठे जातो? ३.६६ मीटर रुंद गोलसमोर तू चेंडू अडवतेस, पण तो परत डीच्या मधोमध पडतो का? कडेला गेला पाहिजे. नुसतं अडवणं शाळेत पुरतं, वर दुसऱ्या चेंडूवर गोल होतो. दुसरं, तुझा आवाज. चित्रफितीचा आवाज वाढवून ऐक. चेंडू आपल्या अर्ध्यात आल्यावर तू काही ठरावीक, नाव घेऊन बोलतेस की फक्त 'मार्क, मार्क' ओरडतेस? तिसरं शूटआउट. ८ सेकंद, समोरची खेळाडू २३ मीटरच्या रेषेवरून निघते. पहिले तीन सेकंद पुढे येऊन कोन लहान करायचा, मग पाय जमिनीवर ठेवून तिला वाट बघायला लावायची. आधी झोपणारी गोलकीपर हरते. आठवड्याला ३० शूटआउट मोजून खेळ आणि किती वेळा तू आधी झोपलीस ते लिही.

सामने मिळत नाहीत ही खरी अडचण आहे. वरच्या वयोगटाच्या मुलांकडून सरावात मार खा, आंतरमहाविद्यालयीन सामने खेळ, क्लबकडून खेळ. वर्षाला २० पूर्ण सामने कुठल्याही पातळीवर झालेच पाहिजेत. बाकावर बसून नजर तयार होते, पण पाय तयार होत नाहीत.

शाळेचं मैदान मातीचं. मुली टर्फवर गेल्या की गोंधळतात आणि निवड चाचणीत मागे पडतात. काय करावं?
— क्रीडाशिक्षक, सातारा जिल्हा

चाचणीआधी किमान १० दिवस टर्फ मिळालं पाहिजे. ज्यांना मिळत नाही त्या निम्म्या गुणवत्तेवर तपासल्या जातात, आणि हा अन्याय निवडणाऱ्यांनाही माहीत असतो. मातीवर चेंडू उड्या मारतो म्हणून मुली उभ्या राहून, स्टिक सैल धरून घेतात. टर्फवर तो सरळ आणि दुप्पट वेगानं येतो. कंबरेतून खाली, डावा हात पुढे, स्टिक थोडी पुढे कललेली, असं घ्यावं लागतं. टर्फ नसेल तर शाळेच्या काँक्रीटच्या किंवा फरशीच्या मोकळ्या जागेवर पाणी मारून पुश आणि ट्रॅप करवून घ्या. रोज १५ मिनिटं. स्टिक झिजते, जुनी वापरा. पाणी मारलेल्या फरशीवर धावायला मात्र लावू नका, जागेवरच काम करा. बूट लहान रबरी खड्यांचे हवेत. फुटबॉलचे मोठे खडे टर्फवर अडकतात आणि गुडघा जातो.

मुलींच्या बाबतीत आणखी एक. 'दम कमी पडतो' असं ज्या मुलीबद्दल म्हणता, तिचं हिमोग्लोबिन आणि फेरिटिन आधी तपासून घ्या. लोह कमी असेल तर कितीही धावडवा, चौथ्या सत्रात ती बसणारच. वर्षभर तिला आळशी ठरवायचं आणि शेवटी कळायचं की रक्तातच कमी होतं, हे फार वेळा होतं.

तुमच्याच जिल्ह्यातल्या फलटण तालुक्यातून अक्षता ढेकळे आणि वैष्णवी फाळके पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेल्या आणि भारताकडून खेळल्या. अक्षता बचावात, वैष्णवी मधल्या फळीत. दोघींपैकी एकही गोल करणारी म्हणून ओळखली जात नाही, हे मुलींना मुद्दाम सांगा. गावाकडे सगळ्यांना फॉरवर्डच व्हायचं असतं.

मुलगी २१ वर्षांची, राज्याकडून तीनदा खेळली. रेल्वेची चाचणी द्यायची की लीगसाठी थांबायचं?
— पालक, मुंबई उपनगर

रेल्वे. यात फार विचार करण्यासारखं नाही.

लीग वर्षातून काही आठवडेच चालते. २ लाखांच्या किमतीत उरलेलं वर्ष निघत नाही. स्टिक, बूट, आहार, फिजिओ हे सगळं घरातून. भारतात हॉकीत 'टिकला' याचा व्यवहारातला अर्थ विभागात लागला असाच आहे : रेल्वे, सेनादल, पोलीस, तेल कंपन्या, बँका, लेखापरीक्षण खातं. तिथे महिन्याचा पगार, सरावाला वेळ, मोसमाला २५-३० सामने, आणि लीगसाठी रजाही मिळते. महिला हॉकीत तर राष्ट्रीय संघाची कित्येक वर्षांची निम्मी यादी रेल्वेनं पोसलेली आहे.

रेल्वेच्या खुल्या क्रीडा भरतीत वयाची अट १८ ते २५ आणि त्यात सवलत नाही. म्हणजे मुलीकडे चार वर्षं आहेत, चाळीस नाहीत. गुणांची विभागणी अशी : चाचणीला ४०, मान्य कामगिरीला ५०, शिक्षणाला १०. चाचणीत ४० पैकी किमान २५ नसतील तर पुढचं काही मोजतच नाहीत. कामगिरीही अलीकडच्या काळातली लागते, दहावीतलं पदक चालत नाही. जाहिरात आली की कोणती स्पर्धा कोणत्या तारखेनंतरची धरणार, ते आधी वाचा. अर्ज भरणं त्यानंतर. राज्य सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी क्रीडा प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय उपसंचालकांच्या कार्यालयातून आधी करून ठेवावी लागते. भरती निघाल्यावर धावलात तर ती वेळेत हाती येत नाही.

फाइलमध्ये काय हवं : प्रत्येक स्पर्धेचं मूळ प्रमाणपत्र, त्यावर जन्मतारीख आणि नाव आधारप्रमाणेच, संघाची छापील यादी, आणि अंतिम क्रमवारीचं पान. नावात एका अक्षराचा फरक पडला की महिनाभर हेलपाटे. लग्नानंतर नाव बदलायचं असेल तर या हिशेबानं ठरवा.

चाचणीबद्दल एकच सूचना. तिथे मुली स्वतःला दाखवायला जातात, तीन जणींना चकवायला बघतात आणि चेंडू घालवतात. चाचणी घेणारे त्यांच्या संघातल्या रिकाम्या जागेसाठी माणूस शोधत असतात. कुठली जागा रिकामी आहे ते आधी शोधून काढा. कुणाची निवृत्ती, कुणाचा गुडघा, कुणाचं बाळंतपण. ही चौकशी करायला लाजू नका.

एक अकादमी म्हणते, ६ लाख भरा, लीगच्या यादीत नाव घालून देतो.
— पालक, छत्रपती संभाजीनगर

भरू नका. संघ बोली लावतो आणि खेळाडूला पैसे देतो. खेळाडूनं पैसे द्यायचे असा यात टप्पाच नाही. सगळा व्यवहार फोनवर नको, लेखी मागा. समोरचा आपोआप गप्प होईल.

वय २६. विभागात कंत्राटी, लीगमध्ये कधीच नाही, स्थानिक स्पर्धा खेळतो. थांबायची वेळ झाली हे कळतं कसं?
— खेळाडू, मुंबई

तीन प्रश्नांची उत्तरं तारखेसह लिहा. गेल्या दोन मोसमांत तुमच्यापेक्षा वरच्या दर्जाच्या किती सामन्यांत तुम्ही सुरुवातीच्या ११ मध्ये होता? तुमच्या जागेवर दोन मोसमांत संघानं किती नवे खेळाडू आणले? आणि यो-यो चाचणी, म्हणजे २० मीटर जा-ये आणि मध्ये १० सेकंदांची विश्रांती, तिचा आकडा दोन वर्षांपूर्वीपेक्षा वर आहे, तिथेच आहे, की खाली? पहिल्याचं उत्तर शून्य, दुसऱ्याचं दोन किंवा जास्त, आणि आकडा खाली, असं तिन्ही जमलं तर लीगचा विचार सोडा. दोनच जमले तर एक मोसम अजून घ्या, पण कंत्राट कायम होण्याबद्दल साहेबांशी या महिन्यातच बोला. आकडा वर असेल आणि तरी सामने मिळत नसतील, तर दोष संघाचा असू शकतो. क्लब बदला. मुंबईत चर्चगेटच्या मैदानावर मोसमभर सामने असतात आणि दुसऱ्या विभागांचे कोच तिथे बघायला येतात.

खेळणं थांबवलं तरी हॉकीतला पगार थांबायला हवा असं नाही. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आणि त्यावरची पदविका आहे. हॉकी इंडियाच्या प्रशिक्षक पातळ्याही आहेत. पंचगिरीत तर मराठी मुलं कमीच दिसतात. चौथ्या सत्रातही चेंडूच्या दहा मीटरच्या आत राहू शकणारा, नियमपुस्तक पाठ असलेला सव्वीस वर्षांचा पंच स्पर्धा भरवणाऱ्यांना हवाच असतो. पुढचा मोसम सुरू व्हायच्या आधी आठ-दहा स्थानिक सामन्यांत शिट्टी वाजवून बघा. जमतंय की नाही ते दोन सामन्यांत कळेल.